कलाबाईचं नाक

कलाबाईला कशाची किळस येत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. स्वतःच्या हातची भांडी, स्वतःच्या हातचं जेवण आणि पारोळ्याहून, म्हणजे तिच्या माहेराहून, आलेलं काहीही. उरलेल्या जगासाठी तिच्याकडे एकच शब्द होता: शी! पाणीपुरीवाल्याची नखं, शी. रिक्षावाल्याच्या गालातला मावा, शी. नात धनश्री मोबाइलवर फिरवते त्याच बोटांनी जेवते, ती बोटं, शी. नाकाने कांदे सोलणारी बाई म्हणतात ती हीच, आणि सोलून झाल्यावर कांद्यालाही नाव ठेवणारी.

नाक मात्र खरंच गुणाचं होतं, हे कबूल करावं लागेल. दूध संध्याकाळी नासणार, हे तिला दुपारीच कळायचं. एकदा शेजारच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, वायर जळत होती, ते आतल्या कारागिरांच्या आधी हिला घराच्या ओट्यावर बसून कळलं आणि खातं वाचलं. खानदेशातून सुरतेला आलेली त्यांची सगळी भाऊबंदकी सणासुदीचं तेल, तूप, डाळ कलाबाईला हुंगायला लावल्याशिवाय घरात घ्यायची नाही. नवरा हेमराज जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा योगराज लूमवर बारा-बारा तासांची पाळी करायचा आणि घर सून सुषमा ओढायची. तरी लिंबायत वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत शब्द चालायचा तो कलाबाईचा, आणि तो या नाकाच्या जोरावर.

यंदाच्या उन्हाळ्यात ती सगळ्यांना सांगत सुटली, की गल्लीमागची खाडी एकदाची साफ झाली बघा, वास म्हणून येत नाही. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खाडी होती तशीच काळीकुट्ट वाहत होती. पण कलाबाईला उलट उत्तर कोण देणार?

ती स्वतः वेगळ्याच काळजीत होती. होळीच्या सुमाराला एकदा तिला जोराचा ठसका लागला आणि साडी ओली झाली. मग शिंकलं की तसं, हसलं की तसं, बादली उचलली की तसं. जन्मभर जगाला नाक मुरडणाऱ्या बाईला आता स्वतःच्याच देहाची शिसारी येऊ लागली. आपल्या अंगातून आपल्याला न विचारता काहीतरी गळतं, ही कल्पनाच तिला घाणेरडी वाटायची. ती अंगाला साबण घासघासून लावायची आणि आपल्याच मांड्यांकडे परक्या बाईच्या मांड्यांकडे बघावं तसं बघायची.

उपाय तिने आपल्या मनानेच काढला. घरात साड्यांच्या काठांच्या, कापलेल्या तुकड्यांच्या चिंध्या पोत्याने पडलेल्या. सुरतेत कापडाला काय तोटा! त्यांच्या घड्या करून ती आत घ्यायची, नळ मोठा सोडून गुपचूप धुवायची आणि गच्चीवर परकराच्या आड वाळत घालायची. पाणी पिणं कमी केलं. हसणं तर बंदच केलं. लोक म्हणू लागले, कलाबाई हल्ली फार गंभीर झाली, देवाधर्माला लागली वाटतं.

समोरच्या चाळीत एका म्हातारीचं असंच झालं होतं. घरच्यांना कळलं आणि महिनाभरात तिची खाट जिन्याखाली, संडासाच्या दाराशी गेली. येता-जाता माणसं तिथे श्वास रोखून पुढे जायची. कलाबाईला मरणाची भीती नव्हती, त्या जिन्याखालच्या जागेची होती. पण आपलं गुपित झाकलेलं आहे, याची तिला पक्की खात्री होती. वास आला असता तर सगळ्यांत आधी तिलाच नसता का आला? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून ती निर्धास्त होती.

दुपारी ओट्यावर तिघी बसायच्या. कलाबाई, तिची चुलत जाऊ पार्वती आणि समोरच्या घरातली प्रभावती. व्यापाऱ्याकडून आलेलं साड्यांचं पोटलं, म्हणजे गाठोडं, मध्ये ठेवायचं आणि भरतकामाच्या मागचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापत बसायचं. प्रभावती मूळची मलकापूरकडची, बौद्ध. नवरा रेल्वेत गँगमन होता, ती स्वतः भेस्तानच्या एका मिलमध्ये घड्या घालायची. आता मुलगा लोकेशकडे राहायची आणि मनाला येईल ते बोलायची. तिचा चहा रोज तिघींसाठी यायचा. कलाबाई तो प्यायची, पण घरून आणलेल्या कपात. प्रभावतीच्या कपांना कसलासा वास येतो, असं तिने पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं. त्याला तीस वर्षं झाली होती. प्रभावती हसायची आणि तिच्या कपात चहा ओतायची.

एका दुपारी बोलणं म्हातारपणावर आलं.

"दात गयात ते बरं झायं," पार्वती म्हणाली. "दुखणं बी गयं. नि हाऊ एक कान गया, ते त्याहून बरं. रातले चांगला कान उशीवर दाबी देस, मंग लूम वाजू दे नईते सून."

"मले तं रस्त्यानं मधोमध चालता येते आता," प्रभावती म्हणाली. "जवानीत मिल सुटली का भिताडाले घासत घरी येत होती मी. कोन पाहीन, कोन शिटी मारीन. आता रिक्षावालाच ब्रेक मारते. पाय पसरून बसते, ब्लाऊजचं बटन तुटलं तरी चालते. म्हातारपनाएवढं सुख नाही व."

"सुख!" कलाबाई फणकारली. "हनुवटीवर केसं येतस, त्ये सुख? गुडघा बोलस, त्ये सुख?"

"दुख बी आहे ना. मी कुठी नाही म्हनते?" प्रभावतीने धागा दाताने तोडला. "हसलं का सुटते माह्यं."

पार्वतीने चांगला कान पुढे केला. "काय सुटस?"

"पानी, दुसरं काय! कधी थेंब, कधी लोटाभर. पहिले मी हेच साडीचे तुकडे घेत होती. कशाचं काय! हे सुरतचं कापड पानी पीतच नाही. सारं मांडीवर येते, कातडं सोलते, अन् वास असा सुटते का माशी बसत नाही. मंग सुती फडकं घेतलं, पानी पोटभर प्यायले लागली, तवा कुठी जिवात जीव आला. गावभर कापडाचे डोंगर, पन बाईले हातभर सूत मिळत नाही, अशी गंमत."

पार्वती हसून हसून आडवी झाली. कलाबाईचा चेहरा मात्र कडू काढा प्यायल्यासारखा झाला. तिने ओठ घट्ट मिटले होते, कारण हसू तिलाही येत होतं आणि हसणं तिला परवडणारं नव्हतं.

"शी! च्या पेवाना टाइमले काय बोलस व प्रभाबाई? लाज नही, काही नही," असं म्हणत ती ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसली. कान मात्र तिथेच ठेवून गेली होती. सूत. पाणी पोटभर. तिने ते ऐकलं आणि ऐकल्याबद्दल स्वतःचीच घृणा केली. मी आणि ही बाई एकाच पंगतीत? छे! आणि सुती फडकं मागायचं तरी कुणाला? मागितलं की मूठ उघडली.

श्रावण लागला आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, खानदेशची देवी, घरात बसायची होती. सुरतेतल्या खानदेशी माणसाला दिवाळी चुकली तरी चालते, कानबाई चुकत नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्या माणसाला कण द्यायचा नाही. टाकायचे नाहीत, उरले तर येत्या पौर्णिमेच्या आत संपवायचे. मोठी म्हणून कानबाई कलाबाईच्या घरी बसायची आणि पिठाच्या मोहनाला तूप लागायचं ते पारोळ्याचं.

तुपाची बरणी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेली. उन्हाळाभर ती गच्चीखालच्या माळ्यावर तापत होती. सुषमाने झाकण काढलं आणि तोंड फिरवलं.

"आत्याबाई, दुसरं तूप आणू का? हाई जरासं..."

"जरासं काय?"

"काही नही. उन्हाळा व्हता म्हनीसन."

कलाबाईने बरणी ओढून घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटून भरभरून श्वास घेतला. वास काहीच आला नाही. तिच्या मते चांगल्या तुपाची हीच तर खूण. वाईट असतं तर नाकात गेलं नसतं का?

"मना माहेरनं तूप कधी बिघडस का? टाक," ती म्हणाली.

सुषमाने टाकलं. वीस वर्षांच्या संसारात या बाईच्या नाकाशी तिने एकदाही वाद घातला नव्हता.

रविवारी घर भरलं. कानबाई नटून-थटून चौरंगावर बसली, बायकांनी फुगड्या घातल्या आणि मग पानं मांडली. पहिला घास घेतला आणि सगळ्या खोलीतले चावणारे जबडे एकदम थांबले. रोट खवट होते. थोडेथोडके नाही, जिभेला लेप बसावा, घशात जळजळ व्हावी आणि ढेकर आला की पुन्हा तेच वर यावं, इतके. एक चुलत दीर घास तोंडात धरून बराच वेळ देवीकडे बघत राहिला. योगराजने पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि प्रत्येक घासाला पाणी, असं गोळ्या गिळाव्यात तसं जेवला. प्रसाद टाकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, आणि तूप पसंत केलेलं कलाबाईने. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

धनश्रीला राहवलं नाही. "बा, मारे नथी खावुं, उलटी थशे," ती आजीला गुजरातीत म्हणाली आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली.

"शी! देवीना प्रसादले उलटी म्हनस?" कलाबाई कडाडली. "आजकालन्या पोरीस्ले काही चवच नही."

आणि तिने आपल्या ताटातला रोट कढीत बुडवून चवीने संपवला. तिला तो नेहमीसारखाच सपक लागला. हल्ली सगळंच सपक लागायचं, सुनेच्या हाताला चव नाही म्हणून.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. भाऊबंद घाईघाईने आपापल्या घरी गेले, आणि डबा भरून रोट कलाबाईच्या घरी उरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वती आणि प्रभावती ओट्यावर धागे कापत होत्या. कलाबाई उंबऱ्याच्या आत ताटली घेऊन बसली होती. पार्वती पोट दुखतं म्हणून सकाळपासून ओव्याचं पाणी पीत होती, पण कशामुळे दुखतं ते बोलत नव्हती.

प्रभावतीने मान वर केली. "काय खाऊन राह्यली व कलाबाई?"

"रोट. तुले देता येत नही, रीत शे."

"मले नको. पन ते तूप खवट आहे. मले इथपर्यंत वास येऊन राह्यला."

पार्वतीची कात्री थांबली. कलाबाई लाल झाली. "मना माहेरनं तूप खवट? मी सोता हुंगं व्हतं! सांग पार्वती, तू खाधा ना रोट? खवट व्हता का?"

पार्वतीने चांगला कान दुसरीकडे वळवला.

प्रभावती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सुषमा, हिंगाची डबी आन बरं. कलाबाई, डोळे झाक."

"कसाले?"

"झाक म्हनते ना. तुह्या नाकाची एवढी आन आहे, मंग भिते कायले?"

कलाबाईने तोऱ्यात डोळे मिटले. प्रभावतीने डबी उघडून तिच्या नाकपुडीला जवळजवळ टेकवली. ओट्यावरच्या पार्वतीला दोनदा शिंक आली.

"धर ना मंग काय धरनं शे ते," कलाबाई डोळे मिटूनच म्हणाली.

कलाबाईने डोळे उघडले. नाकाशी उघडी डबी, आत पिवळट हिंग, शेजारी सुनेचा पांढरा पडलेला चेहरा. तिने डबी हिसकावली, पुन्हा हुंगली, बोटाने हिंग उकरून हुंगला. पाण्याचा वास यावा तसा.

तिने डबीचं झाकण लावलं. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. खाडी साफ झाली नव्हती. जेवण सपक नव्हतं. परवा खोलीभर माणसं मान खाली घालून तिच्या भीतीने सडकं तूप गिळत होती. आणि शेवटी ती गच्चीवरच्या चिंध्यांपाशी आली.

"पार्वती," ती हळू म्हणाली, "मना वास येस का?"

पार्वती साडीचा काठ उलटसुलट करत राहिली.

"मी काय विचारस?"

"येस, बाय."

"कवयपाईन?"

"होळीपाईन."

कलाबाईला वाटलं, इथेच ओटा फाटावा. पाच महिने ती मान ताठ ठेवून या गल्लीतून हिंडत होती, लोकांच्या नखांना नावं ठेवत होती, आणि लोक तिच्यापासून हातभर लांब उभं राहून ऐकून घेत होते.

"मंग सांगं का नही कोन्ही?" ती ओरडली. "तुम्ही गुपचूप बठनात? मना तमाशा पाहत?"

"तुले कोन सांगीन?" प्रभावती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हसूही नव्हतं. "त्या दिशी मी माह्यं सांगतलं ते कोनासाठी सांगतलं? मले काय हौस आली होती? तू शी म्हनून तिकडे जाऊन बसली. अन् आता बोलतेच आहो तं हेही ऐक. तीस वर्सं माह्या कपाले वास येते म्हनली तू. नाक चांगलं होतं तुह्यं तवा बी, कलाबाई, त्या कपाले वास नव्हता."

ते कलाबाईला ठाऊक होतं. खरं तर तेव्हाही ठाऊक होतं.

सुषमा आत गेली होती ती परत आली. तिच्या हातात पांढऱ्या सुती तुकड्यांची चळत होती. योगराजच्या जुन्या बनियनांचे चौकोन, कडा शिवलेले, धुऊन घड्या घातलेले. तिने ती सासूच्या मांडीजवळ ठेवली.

"कवय करात हाई?" कलाबाईने विचारलं.

"बराच दिन झायात. तुमन्या चिंध्या गच्चीवर सापडन्यात, तवय."

"मंग दिन्हात का नही?"

सुषमा जमिनीकडे बघत होती. "तुम्ही शी म्हनशात म्हनीसन. रातले तुम्ही झोपनात का मी त्या चिंध्या परत धुवत व्हतू. वास जास्त जाये नही, पन धुवत व्हतू."

कलाबाईने त्या तुकड्यांना हात लावला. मऊ होते. घरात तिला कुणी जिन्याखाली टाकलेलं नव्हतं. सून महिनोन्‌महिने तिची घाण निस्तरत होती आणि भीत होती ती घाणीला नव्हे, तिच्या एका शब्दाला. कलाबाईला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आली किळस, आणि या खेपेला ती देहाची नव्हती. देह बिचारा गळत होता, त्याचा इलाज त्याच्याकडे नव्हता. तोंडाचा मात्र तिच्या हाती होता.

ती उठली, भिंत धरून सरळ उभी राहिली. "सुषमा, आठे ये. मना वास ले."

"आत्याबाई, काय हाई? सर्वा बठेल शेतस..."

"बठू दे. मना नाक गयं. आते तुनं नाक. रोज सकाळे वास लेवाना नि खरं सांगाना. ले."

सुषमाने प्रभावतीकडे पाहिलं. प्रभावतीने मान हलवली. मग सुषमा पुढे झाली, सासूच्या कमरेशी वाकली आणि तिने श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं हे सांगता येणार नाही. ती सरळ झाली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सासूच्या डोळ्यांत बघून बोलली.

"येस. बदला."

या घरात कलाबाईला आजवर कुणी असा हुकूम केला नव्हता. तिला राग आला, अगदी कानशिलं तापेपर्यंत आला, आणि लाजही वाटली. पण तिने चळतीतला वरचा तुकडा उचलला आणि ती मोरीकडे गेली. दार ओढायच्या आधी तिने मान बाहेर काढली.

"उरेल रोट कोन्ही खाऊ नका," ती म्हणाली. "मीच खाई लिसू. माले कोठे काय समजस!"